ताजं, सुकं आणि चॉकलेटात बुडवलेलं

मराठीत 'चॉकलेट' या शब्दाचे हाल पहिल्यापासूनच चालू आहेत. आपल्या लहानपणी चॉकलेट म्हणजे गोळी. लिमलेटची, रावळगावची, पारलेची, कसलीही. वाढदिवसाला वर्गात वाटायची ती चॉकलेटं. आणि जे खरोखर कोकोपासून केलेलं असायचं त्याला म्हणायचं 'कॅडबरी', मग ती कुठल्याही कंपनीची असो. म्हणजे जे चॉकलेट नव्हतं ते चॉकलेट, आणि जे होतं ते कॅडबरी! (रावळगावच्या त्या गोळ्यांचे ब्रँड २०२४ मध्ये २७ कोटींना रिलायन्सकडे गेले. आपलं अख्खं बालपण २७ कोटींत. वरळीच्या एखाद्या टॉवरमध्ये तेवढ्याला एक फ्लॅट येतो.)

तेव्हा आज कुणी तपकिरी रंगाचं गोड वनस्पती तूप स्ट्रॉबेरीला फासून त्याला चॉकलेट म्हणत असेल, तर आपल्या थोर भाषिक परंपरेला धरूनच आहे म्हणायचं आणि सोडून द्यायचं. पण मी सोडणार नाही. शनिवार आहे, वेळ आहे, आणि डोकं तापलेलं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचं आहे त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. चॉकलेटात बुडवलेलं ताजं फळ घरी करावं, त्याच दिवशी खावं, आणि जमलं तर करणाऱ्याच्या समोर बसून खावं. डब्यात भरून, रिबीन बांधून, दुचाकीवरून शहरभर फिरवण्याची ती वस्तूच नव्हे. जो तसं करतो त्याला तीनपैकी एक तडजोड करावीच लागते. एक तर चॉकलेट खोटं, नाहीतर फळ कच्चं, नाहीतर 'आजच केलंय' हे वाक्य खोटं. बऱ्याचदा तिन्ही.

नाताळपासून १४ फेब्रुवारीपर्यंत हे डबे सगळीकडे दिसतात. बारा स्ट्रॉबेऱ्या, बारा कागदी वाट्या, वर पांढऱ्या रेघा, एखाद-दोन बेरींवर सोनेरी भुकटी. गेल्या फेब्रुवारीत आमच्या टीमने एका कंपनीकडून असे डबे मागवले होते. अकरा वाजता आले, मीटिंग लांबली, चार वाजता उघडले. कागदी वाट्या गुलाबी पाण्याने भिजलेल्या, फळाने आतून अंग सोडलेलं, आणि चॉकलेटचं टरफल हाताला लागताच सुटून बाजूला. आधी सगळ्यांनी फोटो काढले. मग प्रत्येकाने एकेक खाल्ली. उरलेल्या डब्यात तशाच राहिल्या आणि संध्याकाळी हाउसकीपिंगवाल्या दादांनी उचलल्या. कुणी काही बोललं नाही, कारण फोटो चांगले आले होते.

आता मी जिथे राहतो तिथला नियम ऐका. वरळी कोळीवाडा. एका टोकाला इंग्रजांनी बांधलेला किल्ला, डोक्यावरून गेल्यासारखा वाटणारा सी लिंक, आणि मधे आम्ही. इथे खाण्याच्या वस्तूचे दोनच प्रकार पोराला लहानपणापासून कळतात, ताजं आणि सुकं. म्हावरं सकाळी आलं तर त्या दिवशी खायचं किंवा विकायचं. जास्त झालं तर मीठ लावून, उन्हात घालून सुकवायचं. बोंबील, सुकट, बांगडे. सुकं म्हणजे शिळं नव्हे. त्याची वेगळी चव, वेगळं कालवण, आणि पावसाळ्यात बोटी बंद असताना तेच कामाला येतं. या दोहोंच्या मधे जे असतं त्याला आमच्याकडे शिळं म्हणतात, आणि ते लपवून विकणाऱ्या बाईला गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी सगळ्या बाजारासमोर ऐकवतं.

डब्यातली स्ट्रॉबेरी ही अशी मधली वस्तू आहे. कालचं फळ, वरून गडद आवरण घालून ताजं दाखवलेलं. आणि गंमत म्हणजे तुम्हीच, जे कोळणीकडे पापलेट घेताना कल्ले उघडून लाल आहेत का बघता, बोटाने दाबून बघता, वर "कालचं नाही ना हो मावशी?" असं दहादा विचारता, ते तुम्ही या डब्याचे पैसे काहीही न विचारता मोबाईलवरून भरता.

कुणी म्हणेल, मासासुद्धा बर्फात ठेवतातच की. मग स्ट्रॉबेरी फ्रीजमध्ये ठेवली तर काय बिघडलं? बिघडतं. आणि ते का, हे समजून घेतलं की बाकी सगळं आपोआप समजतं.

स्ट्रॉबेरीत वजनाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. चॉकलेटात जवळपास शून्य. चॉकलेट म्हणजे कोकोबटर नावाच्या फॅटमध्ये पसरलेले साखरेचे आणि कोकोचे बारीक, कोरडे कण. त्या वितळलेल्या फॅटमध्ये पाण्याचे दोन-चार थेंब पडले की साखर त्या पाण्याला चिकटते, कण एकमेकांना धरतात आणि गुळगुळीत चॉकलेटचा क्षणात रवाळ गोळा होतो. ज्यांनी घरी करून बघितलंय त्यांना हा अनुभव आला असेल. चमचा ओला होता, बास. पाव किलो चॉकलेट गेलं. (फेकू नका. आणखी गरम दूध किंवा साय घालून त्याचा सॉस करा. अर्धवट ओलं चालत नाही, पूर्ण ओलं चालतं.)

म्हणजे फळ आणि चॉकलेट यांचं मुळात जमत नाही. बुडवलेल्या फळात ते दोघे काही तासांपुरते एकत्र नांदतात, कारण फळाची साल मधे उभी असते. साल जितकी अखंड तितका संसार टिकाऊ. जिथे सालीला भोक, चिरा, दाबल्याची खूण, तिथून रस निघणार, कवचाच्या आत साठणार आणि कवच सुटणार. आता हा डबा फ्रीजमध्ये घाला. तिथून काढून मुंबईच्या हवेत आणला की गार ग्लासावर जसं पाणी जमतं तसंच कवचावर जमतं. त्या पाण्यात वरची साखर विरघळते, पाणी उडून गेलं की पांढरे, खरखरीत डाग मागे राहतात. आमच्याकडे तर खिडकी उघडली की समुद्रच आत येतो. टीव्हीच्या मागच्या स्क्रूंना गंज चढतो तिथे चॉकलेटची काय कथा! माशाला बर्फाच्या पाण्याने एवढा फरक पडत नाही. चॉकलेटाला पडतो.

आता विकणाऱ्याची अडचण बघा. त्याला कवच टिकवायचं आहे, तेही उन्हातून, खड्ड्यांतून, चार-पाच तास. मग तो पिकलेलं फळ घेत नाही, देठाजवळ पांढरं असलेलं, टणक, आंबट घेतो. आणि चॉकलेटऐवजी वापरतो 'कंपाऊंड'.

कंपाऊंड म्हणजे काय? कोकोबटर काढून टाकायचं आणि त्याच्या जागी दुसरं, स्वस्त, घट्ट केलेलं वनस्पती फॅट घालायचं. बहुतेक वेळा पाम कर्नेलचं, म्हणजे पामच्या बीमधल्या गराचं. साखर, कोको पावडर, वास आणि हे फॅट. केकच्या सामानाच्या दुकानात जी मोठी विटेसारखी लादी मिळते ती जवळपास नेहमी हीच. नियम अगदी स्पष्ट आहे. आपल्याकडे ज्याला 'चॉकलेट' म्हणून विकायचं त्यात कोकोबटरखेरीज दुसरं वनस्पती फॅट ५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, आणि तेवढं घातलं तरी वेष्टनावर तसं छापावं लागतं. म्हणून लादी बनवणारी कंपनी प्रामाणिकपणे पुढच्याच बाजूला 'कंपाऊंड' असं छापते. लबाडी पुढच्या पायरीवर होते. ती लादी वितळते, साच्यात जाते किंवा फळावर चढते, आणि डब्यावर नवीन नाव येतं, 'होममेड चॉकलेट'. घरी काय केलं तर वितळवलं. या न्यायाने मॅगी हे होममेड पास्ता झालं.

एक गोष्ट इथेच सांगतो, नाहीतर उद्या कुणीतरी माझ्या नावावर खपवेल. कंपाऊंड विष नाही. ते खाऊन कुणी मरत नाही. पूर्वी त्यातल्या अर्धवट घट्ट केलेल्या तेलांमध्ये ट्रान्स फॅटची खरी भीती होती, पण १ जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे त्यावर २ टक्क्यांची मर्यादा आहे. सोशल मीडियावर "कंपाऊंड म्हणजे प्लास्टिक" म्हणून ओरडणाऱ्यांशी माझं काहीही देणंघेणं नाही. लहान मुलांच्या पार्टीला बिस्किटं बुडवायला कंपाऊंड घ्या, खुशाल घ्या. माझं भांडण नावाशी आहे आणि चवीशी आहे. कोकोबटर तोंडात विरघळतं आणि फळाचा आंबटपणा जिभेवर मोकळा सोडतं. बरंचसं कंपाऊंड टाळूला मेणासारखं चिकटून बसतं, आणि त्याखाली महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आहे की भिजलेला बटाटा हे कळायला मार्ग राहत नाही.

याहून वाईट म्हणजे अर्धं-अर्धं. "आम्ही फिफ्टी-फिफ्टी करतो, अर्धं खरं, अर्धं कंपाऊंड, म्हणजे चवही आणि स्वस्तही." अरे राव! इंजिनिअरिंगला सोल्डरिंग केलं होतं ना? शिसं वितळतं ३२७ अंशांना, कथील २३२ला, आणि दोन्ही योग्य प्रमाणात मिसळलेला सोल्डर १८३ला. मिसळलं की दोघांपेक्षा लवकर वितळतं. कोकोबटर आणि पाम कर्नेलचं फॅट यांचंही असंच होतं. मिश्रण दोहोंपेक्षा मऊ राहतं आणि त्यावर लवकर पांढरट बुरशीसारखी छटा येते. म्हणजे महागाचे पैसे घालून स्वस्तापेक्षा वाईट माल. असे निर्णय फक्त कंपन्यांच्या मॅनेजमेंटमध्येच होतात असं मला वाटायचं.

कंपाऊंड एवढं पसरलं याला कारणही आहे. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. तिथली पिकं बिघडली आणि डिसेंबर २०२४ मध्ये कोकोचा भाव टनाला १२ हजार डॉलरच्या वर गेला. दोन वर्षांपूर्वी तो अडीच हजाराच्या आसपास होता. नंतर भाव खाली आले, पण तोवर ज्यांना पळवाट सापडायची त्यांना सापडली होती.

म्हणून मग "खरं चॉकलेट परवडत नाही" हा युक्तिवाद येतो. चला, हिशोब करू. मध्यम स्ट्रॉबेरीला साधारण ७ ग्रॅम चॉकलेट लागतं. समजा खऱ्या चॉकलेटात आणि कंपाऊंडमध्ये किलोमागे हजार रुपयांचा फरक आहे. म्हणजे ग्रॅमला एक रुपया. एका बेरीमागे ७ रुपये, डझनामागे ८४. एका कॉफीच्या निम्म्या पैशांसाठी तुम्ही वर्षातून एकदा करायच्या गोष्टीत वनस्पती तूप खाताय. आता बोला.

दुसरा युक्तिवाद, "टेंपरिंग जमत नाही". हे मात्र थोडं खरं आहे, म्हणून नीट सांगतो.

कोकोबटर सहा प्रकारच्या स्फटिकांत घट्ट होऊ शकतं. आपल्याला हवा पाचवा. तोच चकाकतो, तोच कट्कन मोडतो, आणि साधारण ३४ अंशांना वितळतो, म्हणजे हातात टिकतो आणि तोंडात विरघळतो. नुसतं वितळवून गार केलं तर कुठलेही स्फटिक होतात आणि चॉकलेट मऊ, निस्तेज, डागाळलेलं निघतं. टेंपरिंग म्हणजे पाचव्या प्रकारचे स्फटिक मुद्दाम तयार करणं. सोपा उपाय असा की ते विकतच्या चॉकलेटात आधीच असतात. त्यांनाच विरजण म्हणून वापरायचं. दह्याला लावतो तसं.

१. फळ सकाळी धुवा. जुन्या सुती कापडाने एकेक पुसा आणि पंख्याखाली तासभर पसरून ठेवा. फ्रीजमधलं गार फळ बुडवू नका. देठ काढू नका, तीच मूठ आहे आणि तेच बूच.

२. २०० ग्रॅम डार्क चॉकलेट घ्या. घटक पदार्थांत कोकोबटर हवं, पाम नको. बारीक चिरा. एक तृतीयांश बाजूला ठेवा, ते विरजण.

३. बाकीचं कोरड्या काचेच्या भांड्यात, मायक्रोवेव्हमध्ये कमी पॉवरवर, वीस-वीस सेकंदांनी ढवळत वितळवा. ४५ ते ४८ अंश. उकळत्या पाण्यावर भांडं ठेवून करत असाल तर वाफेकडे लक्ष द्या, वाफ म्हणजेही पाणी.

४. विरजण घाला आणि ढवळत राहा. ३१-३२ अंशांवर आलं की तयार. स्वयंपाकाचा साधा थर्मामीटर पुरतो. अंदाजपंचे करू नका, दोन अंशांचा खेळ आहे.

५. सुरीचं टोक बुडवून ठेवा. पाच मिनिटांत चकाकत घट्ट झालं तर पास. नाही झालं तर अजून थोडं विरजण.

६. बुडवा, झटका, बटर पेपरवर ठेवा. वीस मिनिटं. फ्रीज नको. त्याच दिवशी संपवा.

उरलेलं चॉकलेट बटर पेपरवर ओता, घट्ट होईल, पुढच्या वेळी चालेल. एवढंच आहे हो. ज्या माणसाला प्रॉडक्शनवर रात्री दोन वाजता डेटाबेस मायग्रेट करता येतो त्याला हे जमत नाही हे मी ऐकून घेणार नाही.

पण मुंबईच्या हवेत? इथे माझा आवडता भाग येतो. चॉकलेटचं काम करायला २० ते २२ अंशांची कोरडी खोली लागते. जानेवारीत कुलाब्याचं किमान तापमान सरासरी १९-२० अंशांच्या आसपास असतं, आणि कोळीवाडा काही वेगळ्या समुद्रावर नाही. म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत सकाळी लवकर उठलं तर एसीसुद्धा लागत नाही. आणि महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी कधी येते? नेमकी डिसेंबर ते मार्च. ज्या महिन्यांत हे करता येतं त्याच महिन्यांत फळ आहे. तुम्हाला मे महिन्यात चॉकलेटमधली स्ट्रॉबेरी हवी असेल तर तो हट्ट आहे, आणि त्या हट्टाची किंमत म्हणून कंपाऊंड आणि दूरवरून आलेलं बेचव फळ मिळतं.

मग बाकीच्या वर्षात काय? बाकीची फळं आहेत की! स्ट्रॉबेरीच का, हा प्रश्न कुणाला पडतच नाही. कारण हॉलिवूडच्या सिनेमात शॅम्पेनशेजारी तीच असते. जरा इकडे बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकची द्राक्षं. सबंध साल, आत आंबटगोड पाणी, रस गळायला वाव नाही. शिकाऊ माणसाने स्ट्रॉबेरीच्या आधी द्राक्षावर हात बसवावा. नागपुरी संत्र्याच्या फोडी, पापुद्रा न फाडता तासभर वाळवून. त्याहून भारी म्हणजे संत्र्याची साल. तीनदा उकळून कडवटपणा काढायचा, पाकात शिजवायची, दोन दिवस वाळवायची आणि डार्कमध्ये अर्धी बुडवायची. साल फुकट असते, आणि लागते कशी ते एकदा करून बघा.

उन्हाळ्यात केळं. जाड चकत्या करून फ्रीझरमध्ये दगड करा. चॉकलेटात पाचवा हिस्सा खोबरेल तेल (खायचं, डोक्याचं नव्हे) घालून वितळवा आणि बुडवा. गार केळ्यावर कवच डोळ्यांदेखत घट्ट होतं. टेंपरिंगची भानगडच नाही, कारण फ्रीझरमधून काढून थेट तोंडातच टाकायचं असतं. इथे मी स्वतःहून वेगळं फॅट मिसळतोय हे चाणाक्षांच्या लक्षात आलं असेल. फरक एवढाच की मला ते माहीत आहे आणि खाणाऱ्यालाही मी सांगतो.

हापूस? हापूसला हात लावाल तर खबरदार. हापूसवर चॉकलेट ओतणं म्हणजे लताबाई गात असताना शेजारी मिक्सर लावणं. काही फळांना आवरण लागत नाही.

आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे सुकेळी. माहीत नसेल तर लाज वाटू द्या, वसई लांब नाही. आगाशी-वसईकडे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात. आकसून, मधाच्या रंगाची, चिवट आणि गोड होतात. पाणी उन्हाने आधीच काढून घेतलेलं. त्यामुळे चॉकलेटाशी भांडण नाही. दोन सेंटिमीटरचे तुकडे करा, डार्कमध्ये बुडवा, वर मिठाचे दोन कण. कोरड्या डब्यात, थंडीच्या दिवसांत, आठवडे टिकतं. तेच सांगलीच्या बेदाण्यांचं, सुक्या अंजिराचं, आंबापोळीच्या तुकड्यांचं. आमच्या बोंबलांचाच नियम. ताजं असेल तर आज खा, ठेवायचं असेल तर सुकव.

आता खरा अवघड मुद्दा, जो टाळला तर हे सगळं लेखन म्हणजे पोट भरलेल्या माणसाची बडबड ठरेल. हे डबे करतं कोण? मोठ्या कंपन्या करतात, पण आमच्या गल्लीतल्या बायकाही करतात. मार्च २०२० अखेरीस कोळीवाडा सील झाला होता, मुंबईतल्या पहिल्या काही भागांपैकी एक. बाजार बंद, बोटी बंद, हातात मोबाईल. त्यानंतर केक, चॉकलेटं करून विकणाऱ्या वहिन्या आणि मुली आमच्याकडे वाढल्या. मासळीचं उत्पन्न आधीच भरवशाचं राहिलेलं नाही. कोस्टल रोडच्या पुलाच्या खांबांमधलं अंतर ६० मीटरवरून १२० मीटर करून घ्यायला इथल्या लोकांना २०२२ च्या अखेरीपर्यंत भांडावं लागलं, तेही बोटी जाता-येता याव्यात एवढ्यासाठी. अशा घरात वहिनीने फेब्रुवारीत चाळीस डबे विकले तर ती मुलाची फी असते. तिला "हे चॉकलेट नव्हेच" म्हणून ज्ञान शिकवणं सोपं आहे.

मी शिकवायला गेलोच होतो. वहिनी कढईतून नजर न काढता म्हणाली, "भावजी, गिऱ्हाइकाला फोटो पाहिजे. चव कोण बघतंय? आणि रात्री अकराला डिलिव्हरी द्या, सकाळी खाणार, असं सांगतात. तुमचं ते चॉकलेट मी कुठे ठेवू, कपाटात?"

तिचं बरोबर आहे. म्हणूनच माझा राग तिच्यावर नाही, गिऱ्हाइकावर आहे. आदल्या दिवशी ऑर्डर, दुसऱ्या दिवशी खाणं, भाव कमीत कमी आणि चकाकी जास्तीत जास्त, अशा अटी टाकल्या की त्यात फक्त कंपाऊंडच बसतं. ज्या अटींवर मासळी विकायला कुठलीही कोळीण तयार होणार नाही त्या अटींवर आपण तिच्या सुनेकडून स्ट्रॉबेरी मागतो.

यातून सुटका म्हणून मी तिला सुकेळी आणि संत्र्याची साल सुचवली. खऱ्या चॉकलेटातली, टिकणारी, रात्री अकराला न्या नाहीतर पुढच्या शनिवारी. या थंडीत तिने दोन्ही ठेवलं. खरं सांगायचं तर सुकेळीचे डबे अजून स्ट्रॉबेरीच्या निम्मेही खपत नाहीत, कारण सुकेळी फोटोत मातकट दिसते. पण ज्यांनी नेले त्यांतले काही परत आले, आणि एकही डबा पाणी सुटला म्हणून परत आला नाही. स्ट्रॉबेरीच्या डब्यावर तिने आता 'कंपाऊंड' असं लिहिलंय. मी सांगितलं म्हणून नव्हे. म्हणाली, "सुकं सुकं म्हणूनच विकतो ना आपण? मग हे का लपवायचं?" ते लिहिल्यामुळे दोन ऑर्डरी गेल्या. या दोन ऑर्डरींचा भुर्दंड तिने का सोसावा, हा प्रश्न मी तुमच्याकडे ठेवतो.

कारण उत्तर तुमच्या हातात आहे. विकत घ्यायचंच असेल तर कोळणीला विचारता तेवढेच प्रश्न विचारा. कधी केलं? कशात बुडवलं? कधीपर्यंत खायचं? ज्याने "कंपाऊंड आहे" असं सरळ सांगितलं त्याच्याकडून घ्या, निदान तो खोटं बोलत नाही. आणि सुकं मिळत असेल तर सुकं घ्या, त्यात बाईचाही तोटा नाही आणि तुमचाही.

ताजं मात्र घरी करा. थर्मामीटर, एक काचेचं भांडं, पाव किलो फळ, २०० ग्रॅम चॉकलेट, थंडीतली एक रविवारची सकाळ. ज्या व्यक्तीसाठी तुम्ही तो रिबीनवाला डबा मागवणार होतात तिलाच पुसायला बसवा. तासभर स्ट्रॉबेऱ्या पुसताना जे बोलणं होतं ते डब्याबरोबर येत नाही. पहिल्या दोन-चार बेरी वेड्यावाकड्या होतील. त्या करणाऱ्याच्या. लगेच खाऊन टाका.